नबीसाबांचा साफ आवाज

सोलापुरात हौशी रेडिओवाले तीसेक असतील. त्या तिसांतल्या एकूण एक माणसाच्या गाडीतला माइक नबीसाब मणियारांच्या हाताखालून गेलेला आहे. आणि त्या तिसांपैकी एकानंही नबीसाबांचा आवाज हवेवर कधी ऐकला नव्हता. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. मग एकदा ऐकला, आणि तेवढं पुरे झालं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारची परीक्षा द्यायची, पोलिसांची चौकशी व्हायची, मग परवाना मिळतो आणि त्याच्याबरोबर इंग्रजी अक्षरं-आकड्यांचं एक नाव मिळतं. त्याला कॉल साइन म्हणतात. मग घरात किंवा गाडीत सेट बसवायचा, माइकचं बटण दाबायचं आणि दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलायचं. खिशात मोबाइल असताना हे कशाला, असं त्यांना चुकूनही विचारू नका, दोन तास ऐकून घ्यावं लागेल. पूर आला, टॉवर बंद पडले, की हीच मंडळी उपयोगी पडतात हे खरं आहे. पण पूर काही रोज येत नाही, आणि बोलायची खाज रोजची.

नियम मात्र कडक. परवाना नाही तर बटण नाही. नबीसाबांकडे परवाना नव्हता.

शुक्रवार पेठेत गल्लीच्या तोंडाशी त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. मागं घर, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडं सोल्डरचा धूर आणि पलीकडं बायकोच्या, खातूनबीच्या फोडणीचा. गाड्यांचे हॉर्न, वायपर, सेल्फ, हे पोटाचं काम. माइक हे जिवाचं काम.

त्या कामाची सुरुवात झाली एका थपडीनं. वडिलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. नबीसाब तेव्हा विशीत, वळसंगला एका निकाहात माइक सांभाळायला उभे. काझींनी नवऱ्या मुलाला विचारलं, कबूल आहे का, आणि तो तोंड उघडतोय तेवढ्यात कर्ण्यातून कांद्याचे बाजारभाव सुरू झाले. कुठल्या तरी रेडिओ स्टेशनचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम माइकच्या वायरीत शिरला होता. मांडव हसून हसून लोळला. वडिलांनी भर मांडवात नबीसाबांच्या कानाखाली काढली. त्या कानात आठ दिवस शिट्टी वाजत होती, आणि आठ दिवस हा गडी त्या वायरीचा पिच्छा सोडेना. शेवटी सापडलं. वायरीवर तांब्याची बारीक जाळी असते, ती एका ठिकाणी तुटली होती. जाळी धड असली की हवेतलं बाहेर राहतं. तुटली की कुणीही आत येतं. एवढं एक वाक्य नबीसाब त्या थपडीतून शिकले आणि पुढची सगळी विद्या त्यावर उभी केली.

गाडीतल्या रेडिओचं दुखणं याच जातीचं, फक्त जास्त लबाड. सेट अँटेनातून ताकद बाहेर फेकतो. त्याच्यापासून चार हातांवर माइकची वायर लोंबत असते. ती वायर आपल्याच सेटची ताकद पिते, ती परत माइकात, माइकातून परत सेटात. बोलणारा बिचारा "नमस्कार" म्हणतो आणि ऐकणाऱ्याला नुसतं घर्रर्र ऐकू येतं, खरखरीत पाट्यावर वरवंटा फिरवल्यासारखं. बोलणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, तो आपला रंगात येऊन बोलतोय. इंजिन चालू असलं की अल्टरनेटरची शिट्टी वेगळी, गाडी पळेल तशी ती चढते. नबीसाब रस्त्याच्या कडेला छोटा रेडिओ कानाला लावून उभे राहायचे, गाडीवाला गाडीत बसून बोलायचा, आणि ते नुसतं ऐकून सांगायचे, "ही शिट्टी हाय, ही बॅटरीच्या वायरीतनं येतीय. आन ते घर्र हाय न्हवं, ते अँटेनाचं." ऐकण्याला कुणाची हरकत नव्हती.

दुकानात सेट तपासायची मात्र त्यांची एक रीत होती. तेलाचा जुना डबा, त्यात तेलात बुडवलेला एक रोध, म्हणजे वीज जिरवणारा तुकडा. सेटची अँटेना काढायची आणि वायर त्या डब्याला जोडायची. मग कितीही जोरात बोला, सगळी ताकद तेलात जिरते, हवेवर एक शब्द जात नाही. नबीसाब माइक उघडायचे, जोडायचे, डब्याला लावायचे आणि बोलायचे, "एक, दोन, तीन, चार, पाच." पंचवीस वर्षं हा माणूस डब्यात बोलत होता. खातूनबी पडद्याआडून टोमणा मारायची, "डब्बे से क्या बाताँ करते जी, मेरे से करो की."

ते हसायचे. पण हसण्यातलं नव्हतं ते. त्यांना बोलायचं होतं. काही मोठं नाही. कुणीतरी लांबून "आवाज कसा येतोय" असं विचारावं आणि आपण "साफ येतोय" म्हणून आपलं स्वतःचं नाव सांगावं, एवढंच. दुसऱ्यांच्या तोंडून ते हवेवर कैकदा गेले होते. "माइक आजच नबीसाबांकडून आणलाय, शेजारीच उभे आहेत, सलाम सांगतायत." तिकडून उत्तर यायचं, "आमचाही सांगा." सलाम जायचा, सलाम यायचा, आणि हा मधे मुक्यासारखा उभा. या रेडिओवाल्यांच्या क्लबच्या वार्षिक फोटोत सगळे असायचे, नबीसाब नसायचे. फोटो काढायला कुणीतरी लागतंच की.

परीक्षा त्यांनी चार वेळा दिली. तीनदा आपटले. विजेचं येत नव्हतं असं नाही. विजेचं त्यांना परीक्षा घेणाऱ्यांपेक्षा जास्त येत असेल. प्रश्न इंग्रजीतून. चौथ्या वेळी, छप्पन्नाव्या वर्षी, पास झाले. निकाल आला त्या दिवशी खातूनबीनं शेवयांची खीर केली आणि गल्लीत वाटली. मग पोलीस चौकशी. एक हवालदार आला, शेजारच्या दोघांना विचारून गेला, फोटो घेऊन गेला, आणि मग अकरा महिने सामसूम. नबीसाब हेलपाटे घालून थकले. शेवटी त्याच हवालदाराला दया आली. म्हणाला, "चाचा, त्या रेडिओ क्लबाचं एक पत्र आणा. तुमाला वळखतेत, माणूस नियमानं वागणारा हाय, एवढं ल्हिऊन आणा. मग फाइल सरकंल."

क्लबाचे सचिव अवधूत होटगीकर. इंजिनिअरिंगच्या कॉलेजातून निवृत्त, सगळे त्यांना सर म्हणतात, आणि कुणी नाही म्हटलं तर ते म्हणायला लावतात. नियम हा सरांचा देव. बायकोलासुद्धा चहा मागताना कलम सांगत असतील. नबीसाबांनी पत्राचा विषय काढला तेव्हा सर मोठ्या मायेनं म्हणाले, "देऊ की. तुम्हाला नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं? फक्त तेवढं अनीशच्या गाडीचं काम उरकून द्या. ते झालं की निवांत बसून लिहू."

आता अनीशची गाडी. चादरींच्या मोठ्या दुकानाचा मालक, बत्तीस वर्षांचा, गोड बोलणारा. नवी कोरी गाडी, पांढरीशुभ्र. तिची पूजा झाली, नारळ फुटला, लिंबू-मिरची बांधली, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं डिक्कीच्या कडेला क्लॅम्प लावून अँटेना बसवली. क्लॅम्पखाली जाड रबर घातलं, रंगाला धक्का लागू नये म्हणून. आणि हवेवर आला तो घर्रर्र करतच.

नबीसाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि क्लॅम्पवर बोट ठेवलं. "अनीशशेठ, रोग हितं हाय. अँटेनाला गाडीचं लोखंड पायजे. तुमी मधी रबर घातलंय, त्याच्याखाली रंग हाय. ताकदीला पाय टेकायला जागा न्हाय, मग ती वायरीवरनं माघारी गाडीत येती. नाण्याएवढा रंग खरवडू द्या, एका घटकेत बरं करतो."

"चाचा, गाडीला हात नाही लावायचा," अनीश हसत म्हणाला. "एक ओरखडा चालणार नाही मला. माइकमध्ये काय करायचं ते करा ना."

म्हणजे पाय मोडलाय आणि डोक्याला पट्टी बांधा. पण गाडी त्याची. नबीसाबांनी बांधली पट्टी. माइक उघडून मसुराच्या डाळीएवढे दोन कंडेन्सर आत बसवले. वायरीची जाळी दोन्ही टोकांना पक्की केली. काळ्या फेराइटच्या कडीतून वायरीचे सात वेढे घेतले. सेटची वीज थेट बॅटरीवरून आणली, त्यावर फिल्टर घातला, आणि शिट्टी अशी मेली की इंजिन चालू आहे की बंद, हवेवर कुणाला सांगता येऊ नये. वाऱ्याचा नि गाडीचा आवाज नको म्हणून माइकच्या तोंडाशी स्पंज बसवला. घर्र मात्र पुरतं जाईना. सेट कमी ताकदीवर असला की ठीक, पूर्ण ताकद लावली की पहिले पाढे पंचावन्न. गाडी खड्ड्यातून गेली की आणखी.

इकडे भीमेकाठच्या पुराचा सरकारी सराव रविवारवर आलेला. साहेब लोक येणार, आणि क्लबाची पहिली गाडी अनीशची. त्या आठवड्यात सर रोज सकाळी अकराला हवेवर हजेरी घेत, आणि ती सगळी रेकॉर्ड करून ठेवत. मंगळवारी त्यांनी सगळ्यांच्या देखत म्हणजे सगळ्यांच्या कानादेखत अनीशला सुनावलं, "अनीश, तुमचा आवाज असाच राहणार असेल तर साहेबांपुढं मी दुसरी गाडी उभी करतो." अनीश तडक दुकानात आला. "चाचा, माझी इज्जत आता तुमच्या हातात आहे." नबीसाबांच्या मनात आलं, आणि माझं पत्र तुझ्या गाडीत आहे.

बुधवारी सकाळी दोघं अक्कलकोट रस्त्याला निघाले, चालत्या गाडीत रोग पकडायला. एका पंपावर अनीश फोन आला म्हणून उतरला आणि बोलत बोलत लांब गेला. नबीसाब डिक्कीपाशी उभे. हातात पाना होता, खिशात ब्लेड होतं. तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका. त्यांनी क्लॅम्प सैल केला, रबर बाजूला सरकवलं, आणि त्याच्याखालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडला. लोखंड चमकायला लागलं. त्यावर गंज चढू नये म्हणून बोटभर ग्रीस लावलं, क्लॅम्पचा स्क्रू त्यावर टेकवला आणि वरून रबर असं बसवलं की बाहेरून काही दिसू नये. सराव झाला की सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. चांगलं काम झाल्यावर माणूस रागावत नाही, अशी त्यांची समजूत होती. छप्पन्न वर्षं जगून ही समजूत.

गाडी वळसंगच्या दिशेनं लागली. अकरा वाजले, सरांची हजेरी सुरू झाली. अनीश एका टँकरच्या मागं अडकलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"चाचा, तुम्हीच बोला. तुम्हाला वायर धरून बघायचीच आहे, कुठं घर्र होतंय ते."

"न्हाय, शेठ. परवाना न्हाय माज्याकडं."

"मी आहे की. माझी गाडी, माझा सेट, मी शेजारी. माझीच कॉल साइन सांगा आणि पाच आकडे म्हणा. कोण खातंय तुम्हाला?"

नबीसाबांनी पुन्हा नाही म्हटलं. अनीशनं त्यांच्याकडं न बघता माइक हुकावरून काढला आणि त्यांच्या मांडीवर टाकला. "लवकर, सर नाव घेतायत माझं."

पंचवीस वर्षं डब्याला जोडलेला तो अंगठा, तो बटणावर गेला. सेटवरचा लाल दिवा लागला. नबीसाबांनी अनीशची कॉल साइन सांगितली, आणि मग म्हणाले, "एक, दोन, तीन, चार, पाच. आवाज कसा येतोय?"

बटण सोडलं. वळसंगचा फाटा मागं गेला. मग सरांचा आवाज आला, सावकाश, "पाच-नऊ. एकदम साफ."

पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. त्याच्या वर मार्क नसतात. नबीसाबांनी माइक हुकाला लावला आणि तोंड खिडकीकडं केलं. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि अनीशला ते दिसू नये एवढी अक्कल त्यांना होती. आपलं नाव सांगायचा मोह झाला होता. जिभेवर आलेलं नाव त्यांनी गिळलं. नाव परवान्यानंतर. नियम तो नियम.

घरी येताना गरम जिलेबी आणली. खातूनबीला पडद्याआड बोलावून हळूच म्हणाले, "आज बोल्या मैं."

"किससे?"

"सबसे."

रविवारचा सराव झोकात झाला. अनीशचा आवाज असा आला की साहेबांनी दोनदा विचारलं, ही गाडी खरंच नदीकाठी आहे का शेजारच्या खोलीत. अनीशला गुच्छ मिळाला. नबीसाब गर्दीत मागं उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्यांना खरंच आनंद झाला होता, त्यात काही खोट नव्हती.

सोमवारी अनीशनं गाडी पॉलिशला टाकली. पॉलिशवाल्यानं अँटेना उतरवली, रबर काढलं, आणि मालकाला बोलावून नाण्याएवढं उघडं लोखंड दाखवलं.

अनीश दुकानात आला तो ओरडत आला असता तर बरं झालं असतं. तो गोडच बोलला. "मी काय सांगितलं होतं?"

"शेठ, चुकलं माजं. सांगणारच होतो. पर त्याच्याबिगर आवाज साफ झाला नसता. रबराखाली हाय, दिसत न्हाय. मी रंगवून देतो म्हटलं तर आवाज पुन्हा..."

"मी काय सांगितलं होतं, तेवढं सांगा."

"हात लावायचा न्हाय म्हणून."

"हां. तरी लावला. तुम्हा लोकांना घरात घेतलं की असंच होतं." एवढं बोलून तो दारातल्या स्टुलाला पायानं बाजूला सारून निघून गेला. पडद्याआड भांड्यांचा आवाज थांबला होता.

पण पत्र सरांनी द्यायचं होतं, अनीशनं नव्हे. शनिवारी सरांचा निरोप आला, उद्या संध्याकाळी पाचला बैठकीला या, पत्र तयार आहे. नबीसाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत पेढे घेतले. सरांच्या बंगल्याच्या हॉलमध्ये पंधरा-सोळा जण होते, एकूण एक ओळखीचा, एकेकाचा माइक डोळ्यांपुढं येत होता. पेढे सगळ्यांनी घेतले. कुणीतरी तोंडात टाकत विचारलं, "कसले हो, नबीसाब?"

"पत्राचे," ते लाजत म्हणाले.

सरांनीही एक घेतला, हात पुसले आणि म्हणाले, "पत्र तयार आहे. त्याआधी सगळ्यांनी एक ऐका." त्यांनी लॅपटॉपला स्पीकर जोडला. बटण दाबलं.

*एक, दोन, तीन, चार, पाच. आवाज कसा येतोय?*

नबीसाबांना आधी कळलंच नाही की हा कोण बोलतोय. स्वतःचा आवाज त्यांनी असा बाहेरून कधी ऐकलेला नव्हता. मग कळलं.

"ही अनीशची कॉल साइन, अनीशची वेळ," सर म्हणाले. "आणि हा आवाज कुणाचा, ते मी सांगायची गरज आहे? बुधवारीच मला शंका आली होती. अनीशला काल विचारलं."

अनीश जमिनीकडं बघून म्हणाला, "मी पंपावर उतरून फोनवर बोलत होतो. गाडी चाचांच्या ताब्यात होती. मागं त्यांनी काय काय केलं, ते मला नंतर कळलं. रंगसुद्धा खरवडला."

शेजारी बसून बोलायला लावलं, हे त्यानं कबूल केलं असतं तर त्याचाही परवाना अडचणीत आला असता. रंगाचा सूड निघत होता आणि वर स्वतःची कातडी वाचत होती. असा सौदा सोडतोय कोण?

नबीसाब उभे राहिले. "सर, शेठ गाडी चालवत होते. वळसंगच्या अलीकडं, टँकरच्या मागं होतो आमी. त्येनीच माइक दिला. गाडी पळत होती, सर. परत लावा की ते. इंजिनचा आवाज असंल."

सर न्यायी माणूस. त्यांनी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं, आवाज मोठा करून. सगळे कान देऊन ऐकत होते, नबीसाब सगळ्यांत जास्त. आयुष्यभर ज्या शिट्टीच्या मागं हात धुऊन लागले ती एवढीशी तरी सापडावी म्हणून ते स्पीकरपाशी वाकले होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मागं काही नाही. इंजिन नाही, टँकर नाही, रस्ता नाही. फिल्टर त्यांनीच घातला होता, स्पंज त्यांनीच बसवला होता.

"आहे का इंजिन?" सरांनी विचारलं.

नबीसाबांना खोटं बोलता आलं असतं. त्या कानांवर क्लबाचा एवढा भरवसा होता की कुणी हरकत घेतली नसती. "न्हाय," ते म्हणाले.

"अहो, परवाना नसलेले पुष्कळ बोलून जातात," सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "घर्रघर्र आवाज असतो, कोण आहे ते कळत नाही, आम्ही सोडून देतो. कुणावर बोट ठेवणार? पण हा इतका साफ आहे, नबीसाब, की शंकेला जागाच नाही. मी तरी काय करू?" आणि त्यांनी पत्र वाचून दाखवलं. पोलिसांना आणि वर परवान्याच्या कचेरीला, दोन प्रती. सदर इसमाने परवाना नसताना प्रक्षेपण केले असून क्लब त्यांची शिफारस करू शकत नाही. खाली सचिवांची सही. एकानं हळूच म्हटलं की सर, एवढं कशाला, घरचाच माणूस आहे. सरांनी त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानं दुसरा पेढा घेतला.

नबीसाब चपला घालत होते तेव्हा अक्कलकोटचा बिरप्पा मागं आला. त्याच्या जीपमध्ये सेट होता. नबीसाबांना वाटलं, धीर द्यायला आला. तो कानाशी येऊन म्हणाला, "चाचा, वाईट झालं बगा. पर काय आवाज काडलाय वो तुमी. माज्या जीपला बी तसंच करून द्या की."

"आणा," नबीसाब म्हणाले.

घरी खातूनबी दारातच होती. तिनं रिकामे हात बघितले आणि आत वळली. रात्री जेवताना एकदाच म्हणाली, "वो डब्बाच अच्छा था जी."

फाइल बंद झाल्याचा कागद महिन्याभरानं आला. पुन्हा अर्ज करायचा तर सगळं पहिल्यापासून, आणि त्यात हे प्रकरण लिहावं लागणार. नबीसाबांनी कागद घडी करून मीटरच्या पेटीमागं खोचला.

माइक अजून त्यांच्याकडेच येतात. दुसरं कोण आहे सोलापुरात? बिरप्पाची जीप झाली, सरांची स्वतःची गाडी झाली. अनीश आला नाही, त्याला गरजही नाही. त्याची गाडी आजही क्लबात सगळ्यांत साफ बोलते, आणि ते उघडं लोखंड त्यानं पुन्हा रंगवलेलं नाही. रंगवलं तर घर्र परत येईल, एवढं त्यालाही कळलेलं आहे.

फरक एकच पडला. नबीसाब माइक उघडतात, जोडतात, डब्याला लावतात, बटण दाबतात, आणि बोलत नाहीत. डब्यातून हवेवर काही जात नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, तरी बोलत नाहीत. माइकसमोर नुसती चुटकी वाजवतात आणि सेटवरचा काटा हलला की बटण सोडतात. एका गिऱ्हाइकानं मध्ये विचारलंसुद्धा, पूर्वी तुम्ही आकडे म्हणायचा, आता चुटकी का? ते म्हणाले, चुटकी कुणाची हाय, ते रेकॉर्डिंगवरनं कळत न्हाय.